फडताळातले चित्रपट

पुस्तकाचे एक बरे असते. ते छापून झाले की त्याच्या हजार-दोन हजार प्रती तितक्याच घरांत जाऊन बसतात. पुढे प्रकाशक बुडो, छापखाना जळो, लेखकाचे नाव त्याच्या गल्लीतही कुणाला आठवेनासे होवो. कुठल्यातरी वाड्याच्या माळ्यावर, वाळवीने कडा कुरतडलेली, मुखपृष्ठ हरवलेली एक प्रत उरतेच उरते. चित्रपटाच्या पत्रिकेत हा योग नव्हता. जन्मल्यापासून पुढची कित्येक दशके तो प्रेक्षकाच्या मालकीचा नव्हताच. आपल्या आजोबांनी चार आणे मोजले ते अंधारात दोन-अडीच तास बसण्याचे. उजेड झाला की पेटी पुढच्या गावी रवाना! आजोबांच्या पदरात राहिली ती आठवण, आणि घरी गेल्यावर आजीला सांगायची गोष्ट.

ज्यांच्या मालकीचा तो होता, त्यांना त्याचे फारसे प्रेम नव्हते. एकदा पैसा मिळवून दिलेला चित्रपट म्हणजे गाभण न राहणारी गाय. गोठ्यात जागा अडवायची आणि चारा खायची. त्यातून त्या काळची फीत नायट्रोसेल्युलोजची. एकदा पेटली की पाण्यानेही विझायची नाही. ती साठवायला खास कोठारे हवीत, विमा हवा. शिवाय तिच्यावरच्या लेपात चांदी असे. फीत वितळवली की चांदी हाती येई. तेव्हा हिशेब सरळ होता. अमेरिकेतल्या युनिव्हर्सल कंपनीने १९४८ साली आपल्या मूकपटांचा साठा असाच नष्ट करून टाकला. त्या देशाच्या काँग्रेस ग्रंथालयाने २०१३ मध्ये सगळ्या अमेरिकन मूकपटांचा झाडा घेतला. सुमारे अकरा हजार लांब मूकपटांपैकी मूळ रूपात पूर्ण असे अवघे १४ टक्के उरले होते. त्याच अहवालात आणखी एक आकडा आहे, आणि माझे मन त्याच्यापाशी अधिक घुटमळते. आणखी ११ टक्के चित्रपट पूर्ण सापडले, पण ते परदेशी पाठवलेल्या प्रतींत, नाहीतर घरात आणि शाळेत दाखवण्यासाठी काढलेल्या लहान मापाच्या फितींत. धन्याने जे फेकले, त्यातले काही असे दूरच्या गावी नाहीतर शाळेच्या कपाटात तगून राहिले.

आपल्याकडची कहाणी याहून करुण. १९३१ साली मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये ज्याच्यासाठी लोकांनी दारे मोडायची बाकी ठेवली होती, तो पहिला भारतीय बोलपट ‘आलम आरा’ आज कुठेही नाही. दादासाहेब फाळक्यांच्या ‘राजा हरिश्चंद्रा’ची दोन रिळे उरली आहेत, आणि तीही १९१३ ची की १९१७ साली पुन्हा केलेल्या चित्रपटाची, यावर जाणकार अजून वाद घालतात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झाले १९६४ मध्ये, म्हणजे बोलपट तेहतीस वर्षांचा झाल्यावर. पुढल्याच वर्षी तिथे पी. के. नायर नावाचे गृहस्थ आले. १९९१ मध्ये निवृत्त होईपर्यंत ते गावोगाव, घरोघर डबे धुंडाळत हिंडले. फाळक्यांच्या चित्रपटांपैकी जे काही आज पाहायला मिळते, ते त्या वणवणीचे आणि फाळके कुटुंबीयांनी जपलेल्या डब्यांचे फळ. पण सरकारी कोठारालाही अमरपट्टा नसतो. २००३ च्या जानेवारीत पुण्यात, जुन्या प्रभात स्टुडिओच्या आवारातल्या कोठाराला आग लागली आणि तिथल्या नायट्रेट फितींची राख झाली.

माझा जिल्हा कोल्हापूर. त्यामुळे बाबूराव पेंटरांच्या ‘सावकारी पाशा’चे दुःख मला घरचे वाटते. १९२५ चा हा मूकपट. सावकाराच्या कचाट्यात जमीन गमावून शहराच्या गिरणीकडे निघालेला शेतकरी, आणि त्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम. त्याची फीत आज हाताला लागत नाही. उरली आहेत ती काही छायाचित्रे, आणि निर्माते जे. बी. एच. वाडिया यांनी सांगून ठेवलेली एक आठवण : काळोखातली एक केविलवाणी झोपडी आणि तिच्यापुढे रडणारे कुत्रे. एका माणसाने पाहिले, लक्षात ठेवले आणि बोलून दाखवले, म्हणून ते दृश्य शंभर वर्षांनंतर माझ्यापर्यंत पोहोचले.

घरात चित्रपट ठेवण्याची कल्पना मात्र व्हिडिओपेक्षा पुष्कळ जुनी आहे. १९२२ च्या नाताळात फ्रान्समधल्या पाथे कंपनीने ‘पाथे-बेबी’ नावाचे एक इवलेसे प्रक्षेपणयंत्र बाजारात आणले. त्याची फीत साडेनऊ मिलिमीटर रुंद, न पेटणारी. छिद्रे कडेला न ठेवता दोन चित्रांच्या मधोमध ठेवलेली, म्हणजे जवळजवळ सगळी रुंदी चित्राला मिळावी. रीळ तीसएक फुटांचे. हाताने दांडा फिरवायचा. एवढ्याशा फितीत शब्दांच्या पाट्या कुठे मावणार? तर त्यांनी युक्ती केली. पाटीचे चित्र एक-दोनदाच छापायचे आणि फितीच्या कडेला एक खाच पाडायची. खाच आली की यंत्र क्षणभर थबके, प्रेक्षक पाटी वाची, आणि फीत पुढे सरके. काटकसरीचा हा प्रकार आपल्या आयाबायांना आवडला असता!

या साडेनऊ मिलिमीटरनेच चित्रपटाच्या इतिहासातला एक मोठा चमत्कार घडवला. केव्हिन ब्राउनलो हा इंग्लंडमधला शाळकरी पोरगा. त्याला हे घरगुती यंत्र मिळाले होते, आणि फितींच्या वाचनालयातून तो रिळे आणून पाहत असे. १९५४ साली, पंधरा-सोळा वर्षांचा असताना, एक फ्रेंच चित्रपट त्याला मुळीच आवडला नाही. त्याच्या बदल्यात वाचनालयाने दुसरी दोन रिळे धाडली. ती होती आबेल गान्स या दिग्दर्शकाच्या १९२७ मधल्या ‘नेपोलियन’ची, घरगुती उपयोगासाठी काटछाट केलेली. पोराने ती भिंतीवर लावली आणि तो थक्क झाला. धावत्या घोड्यावरून, झोक्यावरून, माणसाच्या हातातून टिपलेली दृश्ये! ज्या चित्रपटाबद्दल पोथ्यांमध्ये चार उदासीन ओळी होत्या, तो असा असेल असे त्याला कुणी सांगितलेच नव्हते. मग त्याने उरलेल्या तुकड्यांसाठी जाहिराती दिल्या, संग्राहकांची दारे ठोठावली. पुढे प्रत्यक्ष गान्सचीही गाठ पडली. दोन रिळांपासून सुरू झालेले हे काम पाच तासांच्या चित्रपटापर्यंत गेले. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या टेल्युराइड गावी तो उघड्या मैदानात, कडाक्याच्या थंडीत दाखवला, तेव्हा एकोणनव्वद वर्षांचा गान्स हॉटेलच्या खिडकीत उभा राहून आपला चित्रपट पाहत होता. दोन वर्षांनी तो वारला. ब्राउनलो अजूनही थांबलेला नव्हता. २०१६ मध्ये त्याने जुळवलेला ‘नेपोलियन’ ब्ल्यू-रे तबकडीवर निघाला. म्हणजे घरातून निघालेला चित्रपट बासष्ट वर्षांनी पुन्हा घरात आला.

अशीच गोष्ट फ्रिट्झ लांगच्या ‘मेट्रोपोलिस’ची. १९२७ मध्ये बर्लिनला पहिला खेळ झाल्यावर चित्रपट कापला गेला आणि कापलेला भाग कायमचा गेला असे सर्वांनी मानले. २००८ मध्ये तो मिळाला कुठे, तर थेट ब्वेनोस आइरेसमध्ये! तिथल्या एका चित्रपटसमीक्षकाने आपल्या संग्रहात लांब प्रत बाळगली होती. तिच्यावरून केव्हातरी सोळा मिलिमीटरची लहान प्रत निघाली आणि ती संग्रहालयात पडून राहिली. मूळ प्रतीवरचे सगळे ओरखडे त्या लहान प्रतीवर उतरले आहेत. आज तो चित्रपट पाहताना मध्येच पाऊस पडल्यासारख्या रेघा दिसू लागल्या की ओळखावे, हा भाग ब्वेनोस आइरेसचा. मला त्या रेघा आवडतात. नीटनेटक्या लोकांना त्या खटकतात.

आता व्हिडिओकडे येऊ. १९७५ मध्ये सोनीचे बेटामॅक्स आले आणि पुढच्या वर्षी जेव्हीसी कंपनीचे व्हीएचएस. बेटामॅक्सचे चित्र बरे होते म्हणतात. पण त्याच्या पहिल्या फितीवर मावे एक तास, व्हीएचएसवर दोन. तासाभरात चित्रपट मावत नाही. गिऱ्हाइकाने हिशेब तिथेच केला. १९७७ साली आंद्रे ब्ले नावाच्या एका अमेरिकन गृहस्थाने ट्वेंटिएथ सेंच्युरी फॉक्सकडून पन्नास चित्रपटांचे हक्क घेतले आणि त्यांच्या कॅसेटी विकायला काढल्या. दुसरीकडे युनिव्हर्सल आणि डिस्ने या कंपन्या सोनीला कोर्टात खेचून बसल्या होत्या : घरी दूरचित्रवाणीवरून चित्रपट टिपून घेणे ही चोरी आहे, असा त्यांचा दावा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये पाचविरुद्ध चार मतांनी घरातल्या माणसाच्या बाजूने कौल दिला. एक मत इकडचे तिकडे झाले असते तर घरोघरच्या फडताळांचा इतिहास वेगळा झाला असता.

त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, आणि माझ्या लेखी ती तितकीच मोठी आहे. क्रायटेरियन नावाच्या एका छोट्या संस्थेने ‘सिटिझन केन’ आणि ‘किंग काँग’ हे दोन जुने चित्रपट लेसर-तबकडीवर काढले. तबकडीवर दोन ध्वनिमार्ग होते. ‘किंग काँग’ला एकच पुरेसा. मग रिकाम्या मार्गावर रोनाल्ड हेवर या जाणकाराला बसवले आणि चित्रपट चालू असताना त्याला बोलू दिले : हे दृश्य कसे घेतले, इथे काय कापले, ते माकड किती उंचीचे होते. पाश्चात्त्यांना याचे फार अप्रूप वाटले. आपल्याला वाटू नये. मूळ पद एकीकडे आणि त्यावरचे निरूपण दुसरीकडे, हे आपले कीर्तनकार शेकडो वर्षे करीत आले आहेत.

आमच्याकडे व्हिडिओ शिरला तो १९८२ च्या एशियाडबरोबर, रंगीत दूरचित्रवाणीच्या पाठोपाठ. ज्यांनी तो काळ पाहिला आहे त्यांना रात्रभराच्या बोलीवर आणलेला व्हीसीआर आठवत असेल. वर्गणी काढायची, हातगाडीवरून टीव्ही आणायचा, अंगणात सतरंज्या टाकायच्या आणि पहाटेपर्यंत तीन चित्रपट उरकायचे. तिसऱ्याला निम्मी आळी झोपलेली. चोरट्या कॅसेटींचा एवढा सुळसुळाट झाला की १९८४ मध्ये कायदा दुरुस्त करून शिक्षा वाढवावी लागली. हे सगळे खरे, आणि त्यात चित्रपटप्रेम किती आणि हावरेपणा किती, हाही प्रश्न खरा. पण त्या गर्दीतच काही माणसे अशी निघाली, की ज्यांनी पाहून झालेली कॅसेट पुसली नाही.

आमच्या गावचे दादा त्यांतले एक. एस.टी.त कंडक्टर होते. नोकरीतला पहिला बोनस त्यांनी व्हीसीआरमध्ये घातला आणि मग दूरदर्शनवर जुना मराठी चित्रपट लागला की हातातले काम टाकून समोर बसू लागले. जाहिरात आली की टिपणे थांबवायचे, संपली की पुन्हा चालू. बोट कधी उशिरा पडे. त्यामुळे दादांच्या ‘संत तुकारामा’ला चार ठिकाणी उचकी लागते. त्या उचक्या आम्हाला पाठ आहेत; स्वच्छ केलेली प्रत पाहताना त्या जागा आल्या की आम्ही अजून दचकतो. प्रत्येक कॅसेटीच्या पाठीवर तिकिटावरच्यासारखे बारीक, सरळ अक्षर : नाव, साल, टिपल्याची तारीख, आणि शेवटी ‘पुसू नये’.

त्यांच्या सोप्यात महिन्यातून एकदा आम्ही जमतो. पाहण्यापेक्षा थांबवणे जास्त चालते. थिएटरात चित्रपट आपल्याला ओढत नेतो. इथे ‘मागं घ्या की जरा’ म्हटले की मागे जाता येते, जसे वाचताना पान उलटून मागे जावे. वर्गात पंचवीस मुलांना एक धडा शिकवताना मला जे सुख क्वचित मिळते, ते या सोप्यात हमखास मिळते.

एकदा ‘संत तुकाराम’ लावला होता. प्रभातचा हा १९३६ चा बोलपट, दामले आणि फत्तेलाल यांनी दिग्दर्शित केलेला. मुंबईत वर्षाहून अधिक चालला आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला. विष्णुपंत पागनीस बीजावरचा तो प्रसिद्ध अभंग गाऊ लागले तसे वारीला जाणारे आमचे तात्या डोळे मिटून डोलू लागले. अभंग संपल्यावर म्हणाले, “तुकोबारायांचं हे एवढं एक जरी राहिलं असतं, तरी पुष्कळ होतं.” मी म्हटले, “तात्या, हा तुकोबांचा नव्हे. चित्रपटासाठी शांताराम आठवल्यांनी लिहिला.” तात्या खवळले. दादांनी कॅसेट थांबवली. पडद्यावर पागनीस हात उंचावून थरथरत राहिले, आणि इकडे देवघरातून गाथा आली. चार हजारांहून अधिक अभंगांची अनुक्रमणिका आम्ही कंदिलासारखा मोबाईल धरून दोनदा उलथीपालथी केली. नाही म्हणजे नाही. हा शोध घेणारे आम्ही काही पहिले नव्हतो. चित्रपट निघाला तेव्हाही भल्याभल्यांनी गाथा चाळल्या होत्या. तात्या बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “गाथेत नसंल मास्तर. पण गाथेच्या वाटेवरच हाय त्यो.” आठवल्यांच्या गीताची याहून नेमकी समीक्षा माझ्या वाचनात नाही.

पण खरी चर्चा त्यानंतर रंगली, आणि ती स्वयंपाकघराच्या दारातून. दादांच्या घरच्या काकू तिथे उभ्या होत्या. त्यांनी जिजाईचे दृश्य पुन्हा लावायला सांगितले : आजारी पोराला हाताला धरून, दुसऱ्या हातात चप्पल घेऊन ती देवळात विठोबाला जाब विचारायला जाते ते. गौरी या नटीने ते असे केले आहे की हसावे की रडावे कळत नाही. पुरुषमंडळी नेहमीप्रमाणे कजाग बायको म्हणून हसली. काकू म्हणाल्या, “हसताय काय? पोर तापानं फणफणलंय आणि घरात दाणा न्हाई. देवाला न्हाई विचारायचं तर कुणाला?” मग शेवट लावला. पुष्पक विमान येते, तुकाराम बायकोला बोलावतो आणि ती पोराबाळांसाठी मागे राहते. काकूंचे म्हणणे असे, की चित्रपट दोन संतांचा आहे आणि विमान एकालाच आले. त्यावर जो वाद झाला तो रात्री एक वाजेपर्यंत मिटला नाही. मी तो चित्रपट तोवर सात-आठ वेळा पाहिला होता. पण त्या रात्रीपासून मला तो जिजाईच्या बाजूने दिसू लागला आहे.

तबकडीच्या बाजारानेही चित्रपटांवर उपकार केले आहेत, हेही नोंदवले पाहिजे. सत्यजित राय यांच्या ‘पथेर पांचाली’, ‘अपराजितो’ आणि ‘अपूर संसार’ यांच्या मूळ फिती १९९३ मध्ये लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत होरपळल्या. अमेरिकेत कुणीतरी ते जळके, वितळलेले डबे न फेकता ठेवून दिले. वीस वर्षांनी त्याच क्रायटेरियनने, अमेरिकेतल्या चित्रपट अकादमीच्या संग्रहालयासह, ते इटलीतल्या बोलोन्याच्या कारागिरांकडे दिले. त्यांनी ठिसूळ फितीला पुन्हा लवचीक केले, छिद्रे हाताने सांधली. पहिल्या चित्रपटाचा सुमारे चाळीस टक्के आणि दुसऱ्याचा साठ टक्क्यांहून अधिक भाग मूळ फितीवरून वाचवता आला. उरलेले जगभरच्या दुय्यम प्रतींवरून भरून काढले. हा खटाटोप करणाऱ्यांत घरी तबकड्या घेऊन पाहणाऱ्यांवर पोट असलेली संस्था होती, हे विसरता कामा नये.

आणि आता ती घरचीच वस्तू संकटात आहे. व्हिडिओ फीत म्हणजे प्लास्टिकच्या पट्टीवर चिकटवलेली चुंबकीय भुकटी. आमच्याकडचा पावसाळा तिला सोसत नाही. चिकट द्रव्य सुटते, कडेला पांढरी बुरशी धरते, आणि अशी फीत यंत्रात घातली तर ती यंत्रालाही घेऊन बसते. ती पाहायचे यंत्र करणारी जगातली शेवटची ज्ञात कंपनी, जपानची फुनाई, २०१६ च्या जुलैत थांबली. तालुक्याच्या गावची एक व्हिडिओ लायब्ररी बंद पडली तेव्हा तिच्या कॅसेटी किलोवर गेल्या. मी पोहोचेपर्यंत रिकामे मांड तेवढे होते. महिन्याच्या वर्गणीवर पडद्यावर उतरणारे चित्रपट सोयीचे खरेच, मीही पाहतो. पण करार संपला की आज दिसलेला चित्रपट उद्या तिथे नसतो आणि आपल्या फडताळात तर तो कधीच नव्हता. पुन्हा आजोबांसारखे अंधारात बसून उठायचे.

म्हणून गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत दादांच्या कॅसेटी संगणकावर उतरवायला घेतल्या. एक जुना व्हीसीआर दुरुस्त करून मिळाला. प्रत्येक कॅसेट आधी हळूच पुढे-मागे गुंडाळायची, बुरशी असेल तर मऊ कापडाने पुसायची, मग लावायची. अडीच तासांच्या चित्रपटाला अडीच तासच लागतात. घाई करता येत नाही. एकशे बारा कॅसेटींपैकी एकोणसाठ झाल्या. नऊ उघडल्याच नाहीत. बाकीच्यांतल्या बऱ्याच चित्रपटांच्या चांगल्या प्रती अन्यत्र मिळतात, हे मला ठाऊक आहे आणि दादांनाही. तरी ते एकही वगळू देत नाहीत.

एका कॅसेटीवरचे अक्षर पुरते धुऊन गेले होते. तिच्यावर चाळीसएक मिनिटांचा काळा-पांढरा मराठी चित्रपट निघाला. सुरुवात नाही, शेवट नाही. नदीकाठी एक म्हातारी कुणाची तरी वाट पाहत बसली आहे, आणि एक मुलगा तिच्यासाठी घागर भरून आणतो. दादांना तो कधी टिपला ते आठवत नाही. काकूंना ती म्हातारी ओळखीची वाटते, पण नाव ओठांवर येत नाही. तात्यांनी दोनदा पाहिला. संगणकात मी तो ‘घागर’ या नावाने ठेवला आहे, आणि कॅसेटीवर दादांनी कोरा कागद चिकटवून नवी पाटी लिहिली आहे : ‘नाव माहीत नाही. पुसू नये.’